कामाच्या ठिकाणच्या गैरव्यवहाराची तक्रार, नाव न फुटता: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

खरेदी खात्यात कोण कोणाकडून किती टक्के खातो, स्टोअरमधला माल कागदावर किती आणि रॅकवर किती, सेफ्टीच्या कागदावर सही आधी होते की तपासणी आधी, हे सगळं शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला ऑडिटरच्या कितीतरी आधी कळलेलं असतं. असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स या संस्थेच्या २०२४ च्या जागतिक अहवालात ज्या घोटाळ्यांचा अभ्यास आहे, त्यांतले ४३ टक्के कोणीतरी दिलेल्या खबरीमुळे सापडले. त्या खबरींपैकी निम्म्याहून जास्त कंपनीच्याच माणसांनी दिलेल्या होत्या.

तरी बहुतेक जण गप्प बसतात. माझं नाव फुटलं तर काय, ही एकच धास्ती असते, आणि ती खोटी नाही. अंतर्गत ऑडिटच्या बाजूने अशा तक्रारी वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली. तक्रार घेणाऱ्या यंत्रणेने नाव फोडलं असं मी क्वचित पाहिलं. नाव बहुतेक वेळा तक्रारदाराच्या पत्रातच दडलेलं असतं, नाहीतर पत्र पाठवण्याआधी त्याने टपरीवर तिघांना सांगितलेलं असतं. म्हणून खाली यंत्रणेची माहिती आहेच, पण पत्र कसं लिहायचं यावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

१. आधी ठरवा, ही तक्रार कुठली

व्हिसलब्लोअर म्हणजे आतला गैरव्यवहार उघड करणारा माणूस. त्याच्यासाठीच्या यंत्रणेकडे येणाऱ्या ढिगातल्या बऱ्याच तक्रारी तिथल्या नसतातच. इन्क्रिमेंट कमी मिळालं, साहेब सगळ्यांसमोर ओरडतात, रजा मंजूर होत नाही, या तक्रारी खऱ्या असल्या तरी त्यांचा रस्ता एचआरकडे किंवा युनियनकडे जातो. त्या हॉटलाइनवर टाकल्या तर फिरून एचआरकडेच येतात, मधले काही आठवडे वाया जातात.

लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या स्वतंत्र कायद्याखाली येते. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान जागा असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. ही तक्रार निनावी चालत नाही, पण तक्रार करणारीचं नाव प्रसिद्ध करायला कायद्यानेच बंदी आहे.

महाराष्ट्रातला सरकारी माणूस लाच मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री नंबर आहे. इथे एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र जबरदस्तीने द्यावी लागली आणि दिल्यापासून सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर त्याला सूट आहे. कंपनीची सरकारी कचेऱ्यांतली कामं करून आणणाऱ्या लायझनिंगवाल्या पोरांनी हा सातचा आकडा पाठ करून ठेवावा.

उरलं ते व्हिसलब्लोअरचं खरं क्षेत्र: पैशांची अफरातफर, व्हेंडरकडून कट, खोटी बिलं, हिशेबातली फिरवाफिरवी, गुणवत्तेचे किंवा सुरक्षिततेचे बनावट अहवाल, सांडपाणी रात्री नाल्यात सोडणं, शेअर बाजाराला कळण्याआधी आतली माहिती बाहेर देणं.

२. धोरण वाचा, आणि घरच्या फोनवर वाचा

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ प्रमाणे काही कंपन्यांना अशी यंत्रणा ठेवणं बंधनकारक आहे. कायद्यात तिला ‘व्हिजिल मेकॅनिझम’ म्हटलंय. शेअर बाजारात नोंदलेल्या सगळ्या कंपन्या, जनतेकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्या आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटींहून जास्त कर्ज घेतलेल्या कंपन्या यात येतात. म्हणजे भोसरीतली चार शेडची पण मोठं कर्ज उचललेली प्रायव्हेट लिमिटेडही यात येऊ शकते. मालकी हक्काचा धंदा, छोटी भागीदारी, शिक्षणसंस्था असेल तर हे कलम तुमच्या कामाचं नाही. सरळ आठव्या पायरीवर जा.

या यंत्रणेचं लेखी धोरण कंपनीच्या वेबसाइटवर गुंतवणूकदारांच्या विभागात सापडतं. ऑफिसच्या लॅपटॉपवरून शोधू नका. कोणी काय उघडलं याची नोंद राहते, आणि ती नोंद आयटीतल्या कोणालाही काढता येते. वाचताना एवढं शोधा:

- कोण तक्रार करू शकतो? फक्त पगारी कर्मचारी, की कंत्राटी कामगार, ट्रेनी आणि व्हेंडरसुद्धा?
- निनावी तक्रार घेतात का? काही धोरणं साफ नाही म्हणतात, काही ‘पुरेसा तपशील असेल तर’ म्हणतात.
- पाकीट कोण उघडतं? कंपनी सेक्रेटरी, एचआर प्रमुख, एथिक्स ऑफिसर की बाहेरची संस्था?
- ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच पाकीट उघडणारा असेल तर दुसरा रस्ता कोणता?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यानेच दिलंय. विशेष परिस्थितीत थेट ऑडिट समितीच्या, म्हणजे हिशेबावर लक्ष ठेवणाऱ्या संचालकांच्या समितीच्या, अध्यक्षांकडे जाण्याची सोय ठेवावीच लागते. ऑडिट समिती नसेल तिथे संचालक मंडळाने या कामासाठी एका संचालकाला नेमलेलं असतं. हा दरवाजा उगाच ठेवलेला नाही. सत्यम या आयटी कंपनीचा हिशेबाचा घोटाळा जानेवारी २००९ मध्ये खुद्द अध्यक्षांच्या कबुलीने फुटला. जिथे वरचाच माणूस हिशेब फिरवतो तिथे तक्रार नेहमीच्या साखळीतून वर चढूच शकत नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला वार्षिक अहवालात असंही छापावं लागतं, की ऑडिट समितीपर्यंत जाण्यापासून कोणालाही अडवलेलं नाही. ते वाक्य तुमच्या कंपनीच्या अहवालात आहे का ते बघून ठेवा. पुढे पत्रात त्याचा हवाला देता येतो.

३. गोपनीय की निनावी

गोपनीय तक्रारीत तुमचं नाव तक्रार घेणाऱ्याला माहीत असतं, पण त्याने ते पुढे सांगायचं नसतं. निनावी तक्रारीत नाव कोणालाच माहीत नसतं. पहिल्यांदा तक्रार करणारा माणूस डोळे झाकून निनावी निवडतो, पण दोन्हींची किंमत वेगवेगळी आहे.

साधं निनावी पत्र असेल तर तपासणाऱ्याला तक्रारदाराला प्रश्न विचारता येत नाहीत. एखादा तपशील कमी पडला की फाइल तिथेच थांबते. दुसरी अडचण पुढे येते. समजा उद्या तुमची बदली झाली आणि ती तक्रारीमुळेच झाली असं तुमचं म्हणणं आहे. मग तक्रार मीच केली होती हे आधी सिद्ध करावं लागेल. ज्याचं नाव कुठेच नोंदलेलं नाही त्याला धोरणातलं संरक्षण मागता येत नाही.

बऱ्याच मोठ्या कंपन्या हे काम बाहेरच्या संस्थेला देतात. नॅव्हेक्ससारख्या परदेशी कंपन्या आणि भारतात डेलॉइट, केपीएमजीसारख्या सल्लागार संस्था अशा हॉटलाइन चालवतात. साधारण पद्धत अशी. तुम्ही टोल फ्री नंबर फिरवता किंवा पोर्टलवर फॉर्म भरता. पलीकडचा माणूस तुमच्या कंपनीचा नोकर नसतो. त्याच्यासमोर प्रश्नांची यादी असते: काय, कुठे, कधी, कोण, अजून कोणाला माहीत, पुरावा कुठे. तो अहवाल तयार करून कंपनीने नेमलेल्या एक-दोन माणसांना पाठवतो. तुम्हाला एक केस नंबर आणि पिन मिळतो.

तो पिन जपा. तपासणाऱ्यांचे प्रश्न त्याच पोर्टलवर येतात, आणि निनावी तक्रारदाराशी बोलण्याचा दुसरा रस्ता कंपनीकडे नसतो. तक्रार टाकून पुन्हा कधी फिरकलेच नाहीत, असे लोक मी खूप पाहिले. तिथे तपासणाऱ्याने विचारलेलं असतं ‘कोणत्या महिन्यातली बिलं?’ आणि उत्तर देणारं कोणी नसतं. दोन महिन्यांनी फाइलवर शेरा पडतो: माहिती अपुरी, प्रकरण बंद.

अशा काही सेवांमध्ये तिसरा पर्याय असतो. बाहेरच्या संस्थेला नाव सांगायचं, पण कंपनीला द्यायला नकार द्यायचा. तो असेल तर मी तोच निवडायला सांगेन. तुम्ही रेकॉर्डवर येता आणि साहेबाच्या टेबलावर मात्र येत नाही.

आणि कंपनीच्या स्वतःच्या ईमेल पत्त्यावर, ऑफिसच्या ईमेलवरून पाठवलेली तक्रार ही ना गोपनीय ना निनावी. ती कंपनीच्याच सर्व्हरवर पडून असते.

४. पुरावा किती गोळा करायचा

लोकांना वाटतं त्यापेक्षा पुष्कळ कमी. तपास करणं तुमचं काम नाही. कुठे बघायचं ते सांगितलंत तरी पुरे. मूळ कागद उचलू नका, दुसऱ्याच्या लॉगिनने काही उघडू नका, ऑफिसची फाइल स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. बऱ्याच कंपन्यांत बाहेर जाणाऱ्या फाइलवर सॉफ्टवेअरची नजर असते. आपोआप इशारा जातो, आणि घोटाळेबाज राहतो बाजूला, ‘कंपनीचा डेटा चोरला’ म्हणून तुमच्याच नावाची चार्जशीट निघते.

त्याऐवजी बिलाचा नंबर, तारीख, व्हेंडरचा कोड, गेटपासचा क्रमांक, फाइल कोणत्या कपाटात आहे हे घरी एका वहीत लिहून ठेवा. सिस्टिममधली नोंद कंपनी कधीही काढू शकते. नंबर कळला की काम झालं.

जे कंपनीच्या सिस्टिममध्ये नाही तेच जपायला हवं. व्हेंडरने तुमच्या स्वतःच्या फोनवर पाठवलेला मेसेज असेल तर तो फोन बदलू नका, चॅट पुसू नका. मामला कोर्टात गेला तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. तेव्हा फॉरवर्ड केलेल्या स्क्रीनशॉटपेक्षा मूळ फोनला जास्त वजन असतं.

फाइल जोडायचीच असेल तर ती कोणी बनवली याची माहिती आतमध्ये असते हे लक्षात ठेवा. वर्डच्या फाइलच्या गुणधर्मांत लेखक म्हणून तुमचं नाव, फोटोत वेळ आणि जागा, छापील रिपोर्टच्या तळाशी प्रिंट काढणाऱ्याचा यूजर आयडी. सॅप या कंपनीच्या हिशेब-साठ्याच्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या कागदाच्या कोपऱ्यातला तो आयडी न बघताच तो निनावी तक्रारीला जोडलेला असतो, हे माझ्या टेबलावर अनेकदा आलंय.

५. लिहायचं कसं

सगळी मेख इथे आहे. आधी न चालणारं पत्र बघू. प्रसंग रचलेला आहे, पण या सुरातली पत्रं ढिगाने येतात:

‘महोदय, आमचे स्टोअरचे साहेब एक नंबरचे भ्रष्ट आहेत. भंगारवाल्याशी त्यांचं साटंलोटं आहे. गेली तेरा वर्षं मी हे बघतोय. मागच्या महिन्यात मी स्वतः त्यांना विचारलं तर म्हणाले, तू तुझं काम कर. त्यांनी नुकताच मोठा फ्लॅट घेतला, पैसे कुठून आले? कडक कारवाई व्हावी. आपला, एक प्रामाणिक कर्मचारी.’

तपासता येईल असं यात एकही वाक्य नाही, आणि लिहिणारा कोण ते मात्र दोनदा सांगितलंय. स्टोअरमध्ये तेरा वर्षं काढलेली माणसं किती असतील? आणि मागच्या महिन्यात कोणी विचारलं होतं हे साहेबांना चांगलंच आठवतंय. फ्लॅटचं म्हणाल तर त्यावर गृहकर्ज असेल, बायकोची नोकरी असेल. कंपनीला कोणाच्या घरच्या पासबुकात डोकावता येत नाही.

आता तीच गोष्ट दुसऱ्या पद्धतीने:

‘प्लँट २ मधून दर शनिवारी भंगाराची गाडी जाते. वजनकाट्यावर आधी रिकामी आणि मग भरलेली गाडी मोजतात. रिकामी गाडी मोजताना हौद्यात पाण्याने भरलेले ड्रम असतात. नंतर ते शेडमागे ओतून टाकतात आणि मग भंगार भरतात. त्यामुळे रिकाम्या गाडीचं वजन जास्त लागतं आणि भंगार तेवढं कमी दिसतं. एकाच गाडीचं रिकामं वजन जून आणि जुलैच्या काटा-पावत्यांवर पाहावं आणि आरसी बुकावरच्या वजनाशी ताडावं. शेडच्या मागच्या बाजूला कॅमेरा आहे, त्याचं चित्रीकरण पुसलं जाण्याआधी काढून ठेवावं. पावत्यांच्या प्रती गेटवरही असतात. तिथून सुरुवात केल्यास स्टोअरला सुगावा लागणार नाही.’

यात कोणाला चोर म्हटलेलं नाही. साहेबांचं नावसुद्धा नाही. पावत्यांवर कोणाची सही आहे ते तपासणाऱ्याला दिसेलच. दोनशे लिटरचे चार ड्रम म्हणजे पाण्याचेच आठशे किलो. भंगाराचा भाव किलोला ३० रुपये धरला तर एका फेरीला २४ हजार. हा हिशेब पत्रात घातलात तर ऑडिट समितीचा माणूस खुर्चीत सावरून बसतो, कारण महिन्याचा आणि वर्षाचा आकडा तो मनातल्या मनात काढतो. पत्रातलं प्रत्येक वाक्य तुमच्याशिवाय तपासता येतं, मग तुम्ही कोण आहात हे शोधायची गरजच कोणाला पडत नाही.

लिहून झालं की प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचारा: हे किती जणांना माहीत असू शकतं? गेटवरचे, काट्यावरचे, हेल्पर, ड्रायव्हर, शेजारच्या शॉपमधले मिळून तीसेक जण असतील तर वाक्य राहू द्या. दोघा-तिघांनाच माहीत असेल तर काढा, किंवा तीच गोष्ट दुसऱ्या कागदावरून सापडेल अशी मांडा. बंद केबिनमध्ये तुमच्या एकट्यासमोर झालेलं बोलणं कितीही चटकदार असलं तरी निनावी पत्रात नको. गोपनीय तक्रारीत, नाव दिलेलं असेल तर, ते जरूर सांगा, आणि हे फक्त मलाच माहीत आहे हेही सांगा. मग तपासणारा ते जपून वापरतो.

भाषेनेही माणूस ओळखू येतो. ‘सदर बाब आपणांस विदित व्हावी’ अशी मेल ऑफिसात एकच जण लिहीत असेल तर निनावी पत्रात ते लकबीचं वाक्य नको. नेहमी इंग्रजीत लिहीत असाल तर मराठीत लिहा, किंवा उलट. साधी, आखूड वाक्यं कोणाचीच नसतात.

स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा. ‘मी पाहिलं’ आणि ‘असं बोललं जातं’ यांची सरमिसळ झाली की ऐकीव भाग खोटा ठरतो, आणि त्याच्याबरोबर खरा भागही बुडतो. जुनी खुन्नस असेल तर तिचा वास पत्राला येऊ देऊ नका. तशीही ती तपासात निघतेच. वारंवार पोकळ तक्रारी करणाऱ्यावर कारवाईची मुभा नियमांत आहे. एखादी तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावर मात्र ती पोकळ ठरत नाही.

६. पाठवताना

स्वतःचा फोन, स्वतःचं इंटरनेट. ऑफिसचं वायफाय नको, ऑफिसने सॉफ्टवेअर टाकलेला फोन नको. अप्रेझलचं पत्र हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पाठवू नका, तारखा जुळवणारे लोक असतात. पाठवण्याआधी आठवडाभर फायली मागू नका, खोदून प्रश्न विचारू नका. अचानक चौकस झालेला माणूस नंतर सगळ्यांना आठवतो.

सहकाऱ्यांनाही सांगू नका. चारजण मिळून सही करणार असाल तर गोष्ट वेगळी, एकट्यापेक्षा चौघांना धक्का लावणं अवघड जातं. पण मग चौघांचीही जीभ आवरलेली हवी, आणि ते जमत नाही हा माझा अनुभव.

७. पाठवल्यावर

पहिले काही आठवडे काहीच हलत नाही असं वाटतं. ते बऱ्याचदा चांगलं लक्षण असतं. नीट तपास गुपचूप चालतो, आधी डेटा काढला जातो, माणसांना सर्वांत शेवटी बोलावतात. तुम्हाला इतरांबरोबर साक्षीदार म्हणून बोलावलं तर तिथे ‘तक्रार मीच केली’ असं सांगून टाकू नका. विचारलं तेवढ्याचं खरं उत्तर द्या. खोटं मात्र बोलू नका, पुढे तेच अंगाशी येतं.

पोर्टलवर आठवड्यातून एकदा पिन टाकून बघा. काहीच हालचाल नसेल तर त्याच केस नंबरवर दुसरं पत्र ऑडिट समितीच्या अध्यक्षांच्या नावे टाका. कंपनीच्या वैधानिक ऑडिटरला, २०२० च्या ऑडिट अहवाल आदेशाखाली येणाऱ्या कंपन्यांत, वर्षभरात आलेल्या व्हिसलब्लोअर तक्रारींचा विचार केला की नाही हे अहवालात लिहावं लागतं. त्यामुळे नोंदलेली तक्रार टोपलीत टाकणं वाटतं तितकं सोपं नाही. मार्चअखेरच्या आधी आलेल्या तक्रारीची दखल ऑडिटच्या धामधुमीत जरा लवकर घेतली जाते, हा माझा ठोकताळा.

निकाल सविस्तर कळेलच असं नाही. ‘तपास पूर्ण, योग्य कारवाई केली’ एवढ्या एका ओळीवर समाधान मानावं लागतं. कारवाई झाली की नाही ते मग कँटीनमध्ये कळतं.

त्रास सुरू झाला तर तो बहुधा कागदावर न दिसणारा असतो: शिफ्ट बदलते, मीटिंगचं बोलावणं येत नाही, चांगलं रेटिंग अचानक घसरतं. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं हे वहीत लिहीत जा. जुनी अप्रेझल पत्रं, कौतुकाच्या मेल, हजेरीचा उतारा तुमच्याकडे आधीच असू द्या. धोरणाखाली सूडाची तक्रार ही नवी, स्वतंत्र तक्रार म्हणून करा. नोकरी गेली किंवा सक्तीने राजीनामा घेतला तर लगेच कामगार कायद्याच्या वकिलाकडे जा. कामगार आणि मॅनेजर यांचे रस्ते वेगळे असतात आणि मुदती धावत असतात. ‘परस्पर संमतीने’ वगैरे लिहिलेल्या कागदावर जागच्या जागी सही करू नका.

८. कंपनीबाहेरचे दरवाजे

इनसायडर ट्रेडिंगची, म्हणजे आतल्या माहितीवर केलेल्या शेअर व्यवहारांची, पक्की माहिती असेल तर शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीकडे डिसेंबर २०१९ पासून खबऱ्यांसाठी स्वतंत्र सोय आहे. ठरलेल्या नमुन्यात माहिती द्यायची, ती वकिलामार्फतही देता येते. वसूल झालेल्या रकमेच्या १० टक्के, जास्तीत जास्त १० कोटी रुपये, असं बक्षीसही आहे. कमाल रक्कम आधी एक कोटी होती, २०२१ मध्ये वाढवली. खाजगी आणि परदेशी बँकांतल्या लोकांसाठी रिझर्व्ह बँकेने २००७ साली अशीच योजना आणली.

केंद्र सरकारचं खातं, सरकारी बँक, केंद्राची सार्वजनिक कंपनी असेल तर केंद्रीय दक्षता आयोग. या व्यवस्थेमागे एक मृत्यू आहे. सत्येंद्र दुबे हा आयआयटी कानपूरचा इंजिनिअर राष्ट्रीय महामार्गाच्या कामावर होता. कामातल्या गैरव्यवहाराबद्दल त्याने पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. नाव पत्रासोबत खात्याखात्यांतून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्याची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर एप्रिल २००४ मध्ये केंद्राने ठराव करून आयोगाला हे काम दिलं.

आयोगाची पद्धत समजून घ्या, कारण तिथे निनावी तक्रार चालत नाही. पत्र पोस्टाने, बंद पाकिटात, सचिवांच्या नावे जातं. पाकिटावर ‘पीआयडीपीआय’ (PIDPI, या व्यवस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) असं इंग्रजीत ठळक लिहायचं, तुमचं नाव-पत्ता पाकिटावर नाही, आत द्यायचा. ती अक्षरं नसतील तर पत्र साध्या टपालात जातं आणि ओळख जपली जात नाही. मजकुरात तुमच्या ओळखीचा धागा राहू नये, हे आयोग स्वतःच बजावतो. पोचपावती येत नाही, स्मरणपत्रं पाठवू नयेत अशी सूचना आहे. त्याच तक्रारीच्या प्रती मंत्र्यांना, खासदारांना पाठवल्या असतील तर नाव आम्ही कसं लपवणार, असं आयोग म्हणू शकतो, आणि ते बरोबरच आहे. राज्य सरकारची खाती यात येत नाहीत. त्यांच्यासाठी लाचलुचपत विभाग आणि लोकायुक्त.

व्हिसलब्लोअर संरक्षणाचा स्वतंत्र कायदा संसदेने २०१४ मध्ये मंजूर केला, राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो अंमलात आणण्याची अधिसूचना निघालेली नाही. ‘कायदा आहे ना’ असं कोणी सांगितलं तर त्या भरवशावर उडी मारू नका. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींच्या व्यवहारांची माहिती बाहेर काढत होते, जानेवारी २०१० मध्ये सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. जिथे बिल्डर, वाळू, तेल असा पैसा गुंतलेला असतो तिथे एकट्याने, स्वतःच्या नावाने, वकील किंवा संघटना पाठीशी नसताना उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

चाकण किंवा हिंजवडीतल्या युरोपीय कंपनीत असाल तर मूळ कंपनीच्या वेबसाइटवरचं पोर्टलही बघा. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाप्रमाणे तिकडे पन्नास किंवा जास्त कामगारांच्या कंपन्यांना अशी यंत्रणा ठेवावी लागते, सात दिवसांत पोच आणि त्यानंतर तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. कायद्याचं ते संरक्षण पुण्यात लागू होत नाही. पण पोर्टल सहसा सगळ्या देशांसाठी एकच असतं, आणि इथल्या प्लँटच्या साहेबांच्या डोक्यावरून तक्रार थेट मुख्यालयात पोचते. भाषांच्या यादीत हिंदी-मराठी आहे का पाहा. नसेल तर साधं इंग्रजी चालतं.

राहता राहिला सोशल मीडिया आणि पत्रकार. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे प्रामाणिक हेतूने केलेली तक्रार बदनामीच्या गुन्ह्यातून वगळलेली आहे, जुन्या भारतीय दंड संहितेत (आयपीसी) होती तशी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही. फेसबुकच्या पोस्टला ती सवलत मिळेल असं धरून चालू नका. आतले आणि सरकारी दरवाजे ठोठावून झाले, कागद हातात आहेत, आणि तरी कोणी ऐकत नाही, तेव्हा पत्रकाराकडे जायला हरकत नाही. आधी वकिलाला पत्र दाखवा, मग जा.